शनिवारचं वाक्य

स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला तेव्हा पहिला फोन मी आपल्या मराठीच्या बाईंना केला. वय ऐंशीच्या पुढे गेलंय, आवाज मात्र तसाच खणखणीत. म्हणाल्या, "लिही, पण माझं नाव टाकू नको. आणि ‘शाळेचे ऋण’ वगैरे लिहिलंस तर मी पुढे वाचणार नाही. काय घडलं ते लिही." म्हणून घडलं ते लिहिते. त्यातलं बरंचसं आपल्या शाळेपासून फार लांब, आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी घडलं. तरी ते या स्मरणिकेतच यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मी 1988 च्या दहावीच्या बॅचची. घर नागपुरात बेझनबागेत, बाबा एम्प्रेस मिलमध्ये, आणि रविवारी आम्ही सगळे सदरच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सेला. घरची बोली नागपुरी. ‘मी जाऊन राहिली’, ‘मले नाही पाहिजे’, ‘काऊन रडून राहिली?’ पाचवीत नवीन आले तेव्हा वाचून दाखवताना असंच काहीतरी तोंडून गेलं आणि मागच्या बाकांवरून हसू आलं. बाई काही बोलल्या नाहीत. फळ्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं ‘घरचं’, उजवीकडे ‘पुस्तकातलं’. माझं वाक्य डावीकडे, त्याचं भावंड उजवीकडे. "दोन्ही पाठ पाहिजेत," त्या म्हणाल्या. पुढचे पंधरा दिवस सगळ्या वर्गाने आपापल्या घरची वाक्यं आणून डावी बाजू भरली. कोणाकडे हलबी होती, कोणाकडे झाडीची बोली, एकीकडे घरात छत्तीसगढी. ‘अशुद्ध’ हा शब्द मी बाईंच्या तोंडून कधी ऐकला नाही.

आणि शनिवार. सकाळची शाळा, शेवटचा तास बाईंचा. त्या एक नवा शब्दप्रयोग द्यायच्या, आणि सोमवारपर्यंत तो दहा जणांशी बोलायचा. घोकायचा नाही, कामात वापरायचा. सोमवारी उभं राहून सांगायचं, कोणाला बोललीस आणि तो काय म्हणाला. एकदा ‘उन्हं कलणं’ मिळालं होतं. मी किराण्याच्या दुकानात म्हटलं, "काका, उन्हं कलली की तेल न्यायला येते." काका तराजू हातात धरून थांबलेच. "माझी आई असंच बोलायची," म्हणाले, आणि चिमूटभर खडीसाखर दिली. सोमवारी हे सांगितलं तेव्हा बाईंनी सगळ्या वर्गाला विचारलं, "शब्द कोणाचा झाला आता? माझा, हिचा की काकांच्या आईचा?"

सातवीत अजब बंगल्याची, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयाची, सहल होती. तिथे बाईंनी स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट सांगितली. आपल्याला ते हिस्लॉप कॉलेजच्या पाटीवरून माहीत. हा स्कॉटलंडचा मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला, मराठी शिकला, मग गोंडांकडे वळला आणि एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या भाटाकडून, त्यांच्या लिंगो देवाचं गाणं ऐकून उतरवून घेतलं. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून तो गेला. त्याचे कागद 1866 मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी छापले. बाईंचं बोट मात्र एकाच गोष्टीवर होतं. "विचार करा, त्याला किती वेळा ‘पुन्हा म्हणा’ असं म्हणावं लागलं असेल!"

दहावीनंतर नर्सिंग, मग मठात प्रवेश, 1997 मध्ये पहिली व्रतं. सप्टेंबर 1999 मध्ये मला टांझानियाला पाठवलं. दवाखान्यात काम करायचं होतं, पण त्याआधी चार महिने भाषा. मुसोमा गावाजवळ माकोको इथे मेरीनॉल संस्थेच्या मिशनऱ्यांनी सुरू केलेली स्वाहिलीची भाषाशाळा आहे, तिथे. मी सत्तावीस वर्षांची होते आणि पहिल्या सोमवारी सकाळी पुन्हा बाकावर बसले.

आमच्या गटात तिघं. एक पोलिश सिस्टर, एक आयरिश फादर आणि मी. पहिले काही दिवस पुस्तक नाहीच. शिक्षक म्हणणार, आपण म्हणायचं. तासागणिक शिक्षक बदलायचे, कान एकाच तोंडाला चिकटू नयेत म्हणून. दुपारी शिकवणी बंद. सकाळचं एक वाक्य घेऊन वस्तीत जायचं आणि भेटेल त्याच्याशी बोलायचं, संध्याकाळी येऊन सांगायचं. हे ऐकलं तेव्हा मी शिक्षकांकडे बघतच राहिले. बेझनबागेतला किराणावाला डोळ्यांपुढे उभा राहिला.

पहिल्याच आठवड्यात मला नात्यांनी चक्रावून टाकलं. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. बाबा म्हणजे बाबाच. काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण! बाबू म्हणजे आजोबा. वस्तीतली पोरं माझ्यामागे ‘दादा, दादा’ करत धावायची आणि मला दर वेळी माझा दादा आठवायचा, मिलच्या भोंग्यावर सायकल काढणारा. कोणाच्या दाराशी गेलं की ‘होडी’ म्हणायचं, आतून ‘करिबू’ म्हणजे ‘या’ असं आलं की पाऊल टाकायचं. समोर अथांग सरोवर, त्यावर खरोखरच्या होड्या, आणि मी दारादारांत उभी राहून ‘होडी, होडी’ म्हणतेय. मोठ्या माणसाला ‘शिकामो’ म्हणायचं. त्याचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असा सांगतात. उत्तर येतं, ‘मराहाबा’. हे मला शिकावं लागलंच नाही, आपोआप वाकले.

शब्द तर किती ओळखीचे निघाले! किताबू, कलामू, सबूनी, हेसाबू, दुनिया. अरबी-फारसी वाटेने आपल्याकडे आले, तसे समुद्रावरून त्यांच्याकडे गेले. ‘बराबरा’ हा शब्द मला फार आवडतो. शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर दिला तर रस्ता, त्याच्या आधीच्या अक्षरावर दिला तर आपलं ‘बरोबर’.

व्याकरणाने आयरिश फादर रडकुंडीला आले होते. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात आणि नाम बदललं की त्याच्यामागे सगळं वाक्य बदलतं. ‘किताबू किकुब्वा किमोजा किमेअंगुका’, एक मोठं पुस्तक पडलं. दोन पुस्तकं झाली की ‘विताबू विकुब्वा विविली विमेअंगुका’. प्रत्येक शब्दाच्या तोंडावर ‘कि’चा ‘वि’ झाला. फादर विचारायचे, पुस्तक अनेक झालं तर ‘मोठं’ या शब्दाने का बदलायचं? मला तो प्रश्नच कळेना. मोठं पुस्तक पडलं, मोठी पुस्तकं पडली. मोठा आंबा पडला, मोठे आंबे पडले. आपलं शेपटाला बदलतं, त्यांचं तोंडाला, एवढंच. मी बाईंसारखी वहीत मधोमध रेघ ओढली, डावीकडे मराठी, उजवीकडे स्वाहिली. ती वही अजून माझ्याकडे आहे. ‘निताकुसाइदिया’ हा एकच शब्द तिच्या पहिल्या पानावर फोडून लिहिलेला आहे. नि म्हणजे मी, ता म्हणजे पुढे होणार, कु म्हणजे तुला, साइदिया म्हणजे मदत. मी तुला मदत करीन.

घड्याळाने मात्र फसवलं. शुक्रवारी सांगितलं होतं, उद्या ‘सा तातू’ला बाजाराला निघायचं. तातू म्हणजे तीन, म्हणून मी दुपारी तीनला पिशवी घेऊन फाटकाशी. सगळे सकाळी नऊला जाऊन परतही आले होते. तिथे तास मोजतात ते दिवस उगवल्यापासून. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. माझी आजी सूर्योदयापासून घटका मोजायची, ‘चार घटका दिवस वर आला’ म्हणायची. तिच्या घड्याळाकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

शनिवारी कपडे, बाजार आणि पत्र. घरी एक आणि बाईंना एक, निळ्या एअरोग्रामवर. रविवारी मिस्सा. गायनमंडळ सुरू झालं की छप्पर दणाणायचं, अर्पणाच्या वेळी बाया नाचत नाचत मक्याची कणसं आणि कोंबडं वेदीपाशी आणायच्या. प्रवचन लांबलचक. मी बोटांवर ओळखीचे शब्द मोजत बसायची. पहिल्या रविवारी अकरा, तिसऱ्या रविवारी मोजणं सोडलं. पहिली प्रार्थना पाठ झाली ती प्रभूची. ‘बाबा येतू उलिये म्बिंगूनी’. ‘बाबा’ म्हणून सुरू होते, त्यामुळे पहिल्या शब्दालाच घरी गेल्यासारखं व्हायचं.

वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बिबीशी माझी गट्टी जमली. बिबी म्हणजे आजी. मी तिला सांगितलं, माझं गाव ‘माचुंग्वा’चं, संत्र्यांचं. दुसऱ्या दिवशी तिने चुंग्वा आणून ठेवलं. हिरवं, घट्ट सालीचं, सुरीने तासावं लागणारं. मी मान हलवली आणि बोटांनी साल सुटते, फोडी वेगळ्या होतात असं हातवारे करून दाखवलं. "आ! चेंझा!" म्हणाली. म्हणजे इतके दिवस मी आपल्या गावाला चुकीच्या फळाचं नाव देत होते. त्या संध्याकाळी गटात मी तिच्या नावाने हा शब्द सांगितला.

मग 14 ऑक्टोबर आला. नागपूरकराला ही तारीख वेगळी सांगायला नको. सकाळीच माझ्या मनात दीक्षाभूमीची गर्दी होती. गुरुवार होता. आमचे शिक्षक वर्गात आले, खडू उचलला, काहीच लिहिलं नाही. म्हणाले, "म्वालिमू अमेफारिकी दुनिया." म्वालिमू म्हणजे शिक्षक, दुनिया मला माहीत होतं. मला वाटलं भाषाशाळेतलंच कोणी गेलं. बाहेर स्वयंपाकघरात रेडिओभोवती सगळे उभे होते. राष्ट्राध्यक्ष म्कापा बोलत होते. ज्युलियस न्येरेरे लंडनच्या रुग्णालयात वारले होते.

न्येरेरे तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांना सगळा देश ‘म्वालिमू’ म्हणायचा, कारण राजकारणात येण्याआधी ते खरोखर शाळेत शिकवत होते. शेक्सपिअरची दोन नाटकं त्यांनी स्वाहिलीत आणली. भारत सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कार 1995 मध्ये त्यांनाच मिळाला. आणि ते त्याच भागातले, मुसोमाजवळच्या बुतियामा गावचे. देशाचा बाप, नेता, साहेब असं काही न म्हणता लोक सरळ ‘सर गेले’ म्हणून रडत होते. शाळेत शिकवणाऱ्या माणसासाठी एवढा मोठा देश रडू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

23 तारखेला, शनिवारी, बुतियामात त्यांचा दफनविधी झाला. त्या शनिवारी बाजार नाही, पत्र नाही. मी बिबीकडे गेले. दारात ‘होडी’ म्हटलं, आतून ‘करिबू’ आलं, पण हळू. रेडिओ लावलेला. तिच्याशेजारी चटईवर बसले आणि म्हटलं, "पोले साना, बिबी." पोले म्हणजे तुझ्या दुःखात मी आहे; मराठीत याला एक शब्द नाही. तोपर्यंतचं माझं प्रत्येक वाक्य आधी मराठीत जुळून मग बाहेर पडायचं. हे तसं आलं नाही. तिने माझा हात धरला. "अलिकुवा म्वालिमू वेतू," म्हणाली. ते आमचे गुरुजी होते. प्रार्थनेत ‘येतू’, इथे ‘वेतू’; दोन्ही म्हणजे ‘आमचा’, नाम बदललं म्हणून तोंड बदललं. सकाळी वर्गात ज्यासाठी आठवडा घातला असता ते तिने एका वाक्यात देऊन टाकलं, आणि मला त्या वेळी आपली शाळा, ती रेघ, तो शनिवारचा तास सगळं इतकं आठवलं की आम्ही दोघी वेगवेगळ्या शिक्षकांसाठी रडत होतो.

डिसेंबरात भाषाशाळा सुटायच्या आधी बाईंचं पत्र पोचलं. "‘मी बाजार केली’ असं लिहिलं आहेस. बाजार पुल्लिंगी. बाकी पत्र चांगलं. आयरिश फादरांना सांग, चुकलं तरी वाक्य अर्धं सोडू नका. आणि तू दहा जणांशी बोललीस म्हणतेस, त्यांची उत्तरं कुठे आहेत? पुढच्या पत्रात पाठव." मी पाठवली.

पुढे अकरा वर्षं दवाखान्यात गेली. ‘उनाउम्वा वापी’, कुठे दुखतं, हे मी रोज किती जणांना विचारलं असेल याचा हिशोब नाही. त्या वर्षांचं इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

2003 च्या मे महिन्यात रजेवर आले तेव्हा बाईंच्या महाल भागातल्या घरी गेले. भर उन्हाची दुपार, खसाचा कूलर घरघरत होता. वाकून नमस्कार केला आणि सवयीने तोंडून गेलं, "शिकामो."

"याला उत्तर काय द्यायचं?" बाईंनी विचारलं.

"मराहाबा."

त्यांनी म्हणून पाहिलं. जोर चुकला. पुन्हा म्हणायला लावलं मला, ओठांकडे बघत, आणि तिसऱ्या वेळी त्यांचं बरोबर आलं. मग आतून नातीला हाक मारली, तिला ‘शिकामो’ शिकवलं आणि ‘मराहाबा’ म्हणून तिला जवळ घेतलं. संध्याकाळी दूधवाला आला, त्यालाही सोडलं नाही. उन्हं कलली तशी मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉन्व्हेंटवर फोन आला. "दहा झाले," बाई म्हणाल्या, आणि कोण काय म्हणालं ते एकेक करून सांगू लागल्या.