मधली रेघ

"रेघ टाकायची का नाही, बाई विचारतायत," नवरा फोनवर म्हणाला. तो जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या जन्मनोंदणी कचेरीत उभा, मी घरी पलंगावर, टाके दुखतायत, आणि मांडीवर सहा दिवसांची, अजून कागदावर नाव न लागलेली पोरगी. वर्ष 2019.

इथे मूल जन्मलं की आठवड्याच्या आत कळवावं लागतं. नाव तेव्हा ठरलं नसेल तर महिनाभर मुभा असते, पण माझा नवरा जर्मन. मुभा असते ती इतरांसाठी. सांगलीत आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाराव्या दिवसाच्या आधी? बारशाआधी नाव कागदावर चढवायचं?" तिच्या आवाजात असा काही सूर होता की जणू आम्ही मुंज व्हायच्या आधीच पोराचं लग्न लावतोय.

आमचा बेत होता 'तारा-लुईझे', मध्ये आडवी रेघ देऊन. तारा म्हणजे माझी आजी, बाबांची आई. ती गेली तेव्हापासून आईचं एकच पालुपद होतं, तुला मुलगी झाली तर आजीचं नाव ठेवायचं. लुईझे म्हणजे सासूबाईंची आई. युद्धानंतरच्या वर्षांत एकटीने तीन मुलं वाढवलेली बाई, तिचाही मान मोठा. आता आधी कोण आणि नंतर कोण? जे नाव आधी येतं तेच हाकेला राहतं, हे दोन्ही घरांना पक्कं ठाऊक होतं. मग मलाच सुचलं की रेघ टाकू. रेघ टाकली की एकच नाव, पुढे-मागे कुणी नाही. तेव्हा मला मी फारच हुशार वाटले होते.

मधे रेघ असलेली नावं जर्मनांना नवी नाहीत. कार्ल-हाइन्झ, हान्स-युर्गेन, क्लाउस-डीटर, एवा-मारिया. आज जे सत्तरी-ऐंशीत आहेत त्यांच्यात अशा नावांची रेलचेल आहे. फुटबॉलवाल्यांना कार्ल-हाइन्झ रुमेनिगे आठवेल. बातम्या बघणाऱ्यांना राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर. त्यानंतरच्या पिढ्यांत आना-लेना, लिझा-मारी आल्या. माझे सासरेही त्याच रेघेच्या पिढीतले, 'हान्स'पासून सुरू होणारे. त्यांना त्यांच्या पूर्ण नावाने हाक मारताना मी आजवर एकच व्यक्ती पाहिली आहे, ती म्हणजे त्यांच्या दाताच्या डॉक्टरांकडची मदतनीस. मित्र, भावंडं, बायको, सगळे दोन्ही नावांची डोकी जोडून केलेल्या चार अक्षरी तुकड्याने बोलावतात. रुमेनिगेलाही सगळे 'काले'च म्हणतात की. म्हणजे आई-बापांनी हौसेने दोन नावं जोडायची आणि जगाने त्यांचा एक तुकडा करून टाकायचा.

आम्ही बेत सांगितला तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, "प्रत्येक फॉर्मवर पूर्ण लिहावं लागेल तिला. पंचाहत्तर वर्षं लिहितोय मी." मी ते हसण्यावारी नेलं.

तर फोनवर मी म्हटलं, स्पीकर लाव. कचेरीतल्या बाईंनी शांतपणे समजावलं. रेघ टाकली तर कायद्याच्या नजरेत ते एक नाव. पासपोर्ट, बँक, शाळा, सगळीकडे अख्खं लिहायचं, अर्धं चालणार नाही. रेघ नसेल तर ती दोन स्वतंत्र नावं, आणि त्यातलं कोणतंही रोजच्या वापराला घेता येतं. मग त्या म्हणाल्या की गेल्या नोव्हेंबरपासून एक नवी सोय झालीय. 1 नोव्हेंबर 2018 पासून माणसाला आपल्या नावांचा क्रम कचेरीत येऊन बदलून घेता येतो, दुसरं आधी, पहिलं नंतर. "पण रेघेने बांधलेली असतील तर नाही. ती सुटत नाहीत."

ती सुटत नाहीत. हे वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं, जसं एखादा दुकानदार सांगतो की धुतल्यावर रंग जाणार नाही. मी मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. ती झोपेत ओठ चोखत होती. आम्ही दोन पणज्यांच्या मानापमानाचा तह तिच्या नावावर लिहून घेत होतो, आणि सही करणारी ती नव्हती.

"नको रेघ," मी म्हटलं. "मधे जागा सोडा."

नवरा घरी येताना आणखी एक किस्सा घेऊन आला. बाईंनी त्याला विचारलं होतं, 'तारा' हे मुलीचंच नाव ना? नुसती उत्सुकता, अडवणूक नव्हे. पूर्वी मात्र इथे नावावरून मुलगा की मुलगी ते कळलंच पाहिजे असा दंडक धरत. तो मोडला एका भारतीय नावाने. भारतीय मुळाच्या एका कुटुंबाला मुलीचं नाव 'किरण' ठेवायचं होतं, नोंदणीवाले ऐकेनात, प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं. 5 डिसेंबर 2008 ला न्यायालयाने सांगितलं की असा नियम कायद्यात कुठेच नाही. आपल्याकडे किरण मोरे यष्टीमागे आणि किरण बेदी पोलिसात, कुणाला कधी प्रश्न पडला? अर्थात न्यायालय प्रत्येक वेळी आई-बापांच्या बाजूने उभं राहतं असंही नाही. एका आईला मुलाला बारा नावं द्यायची होती. पाचावर थांबा, हा खालच्या न्यायालयाचा निकाल 2004 मध्ये तिथे कायम राहिला. पाच तरी पुरे होतात म्हणा.

मला हसू येतं ते याचं की नावं जास्त असणं ही आपल्याला अडचण कधी वाटलीच नाही. माझं पाळण्यातलं नाव वेगळं, पत्रिकेतलं नक्षत्राच्या चरणावरून आलेलं वेगळं, शाळेतलं वेगळं, घरी हाक मारायचं वेगळं, आणि मधे बाबा. त्या बाबांनी इथे गंमत केली. पासपोर्टात माझ्या नावापुढे त्यांचं नाव होतं, ते जर्मन कागदांवर माझंच दुसरं नाव होऊन बसलं. आरोग्यविम्याच्या कार्डावर मी आणि बाबा शेजारी-शेजारी आहोत. आता तर महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव लागतं, बाबांच्या आधी. त्या मुलांपैकी कुणी पुढे इथे आलं तर त्याच्या कार्डावर अख्खं कुटुंब मावेल.

पण या सगळ्यांत रेघ कुठेही नाही. आपण दोन नावं जोडतो तेव्हा सरळ वितळवून जोडतो. सीताराम, राधाकृष्ण, हरिहर. शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या, 'विग्रह करा', आणि आम्ही 'हरि आणि हर' लिहून दोन मार्क घ्यायचो. संयोगचिन्ह ठेवायचं ते आई-वडिलांत, मीठ-भाकरीत. माणसाच्या नावात नाही.

बारसं झालं बाराव्या दिवशीच. सांगली मोबाईलच्या पडद्यावर, पाळणा म्हणजे नवऱ्याच्या लहानपणीची लाकडी बाळखाट. नणंद आत्या म्हणून कानात कुर्र करायला बसली. तिच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत असते हे सांगायला मी विसरले होते, आणि माझ्या दोन मराठी मैत्रिणींनी ते मनापासून घातले. ती दचकून जर्मनमध्ये जे ओरडली ते बाळाच्या कानात गेलेलं पहिलं नाव ठरू नये अशी प्रार्थना आहे.

आणि मग जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. ज्या आईने वर्षानुवर्षं 'तारा'चा हट्ट धरला, तिच्या तोंडून ते नाव आजवर एकदाही निघालेलं नाही. सासूचं नाव कसं घेणार? आणि घेऊन वर रागावणार कसं? "तारा, चप्पल कुठे फेकलीस" असं म्हणताना तिची जीभ अडते. ती पोरीला 'चिमी' म्हणते. सासूबाई 'लुईझे' म्हणतात, बालवाडीत 'तारा' म्हणतात, आम्ही घरी जे सुचेल ते. रेघ टाकली असती तर ती टाकून आम्ही ज्या दोघींना खूश करणार होतो त्यांतली एकही ते नाव पूर्ण घेणारी नव्हती.

इथल्या गणपतीत दरवर्षी एखादी अवघडलेली मुलगी माझ्याशेजारी प्रसादाची ताटली घेऊन बसते आणि विचारते, "ताई, आमचं पण एक इंडियन, एक जर्मन असं ठरतंय, मध्ये हायफन बरा दिसेल का?" मी विचारते, दोन्ही मिळून एका दमात म्हणून बघ. आना-लेना एका दमात येतं, त्यांना त्याची चालही आहे, ज्यांना खरंच तो नाद आवडतो त्यांनी जरूर ठेवावं. पण नाद नसेल, नुसती वाटणी असेल, तर रेघ ठेवू नये. दोन्ही घरांना काय वाटेल हा प्रश्न बारशापुरता असतो. फॉर्म भरायचे असतात पोरीला. शिवाय गंमत अशी की पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, तिथे ती रेघ उरतच नाही. रेघ असो की मोकळी जागा, यंत्राला दोन्हीकडे '<' असा तोच एक कोन दिसतो. जिच्यासाठी घरात रुसवेफुगवे झाले तिची विमानतळावर ही किंमत.

गेल्या महिन्यात तारा लुईझेने पोहण्याचा पहिला बिल्ला मिळवला, समुद्रघोड्याचा. काठावरून उडी, पंचवीस मीटर पोहणं आणि खांद्याइतक्या पाण्यात तळाची वस्तू वर काढणं. प्रमाणपत्रावर शिक्षकांनी घाईत नाव लिहिलं आणि सवयीने मधे रेघ ओढली. गाडीत बसल्यावर तिने ते निरखून पाहिलं.

"आई, ही रेघ माझी नाहीये."

राहू दे गं, मी म्हटलं, कुणी बघत नाही. तिला ते पटलं नाही. घरी व्हाइटनर सापडला नाही. प्रमाणपत्र सध्या फ्रिजवर आहे, आणि त्यावरचं लोहचुंबक तिने बरोबर त्या रेघेवर ठेवलंय.