मणक्याची दुखापत आणि अपघाताचा क्लेम: पैसे नेमके कुठे बुडतात

रस्ते अपघातात पाय मोडलेल्याचा क्लेम आणि मज्जारज्जूला इजा झालेल्याचा क्लेम बहुतेक वेळा एकाच नमुन्यातून टाइप होऊन बाहेर पडतात. गडबड तिथेच सुरू होते. पाय मोडलेल्याचा खर्च बराचसा होऊन गेलेला असतो, बिलं जोडली की काम झालं. कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेलेल्याचा खर्च पुढच्या तीस-चाळीस वर्षांत व्हायचा असतो, त्याची बिलं आज नसतातच. मग 'भविष्यातील उपचार' या शीर्षकाखाली लाख-दोन लाखांचा गोल आकडा लिहिला जातो आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणही (अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट) तेवढाच देऊन मोकळं होतं. जे मागितलंच नाही, किंवा मागितलं पण सिद्ध केलं नाही, ते मिळत नाही.

आधी मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. ऑपरेशन, आयसीयू, मग फिजिओथेरपी यात सहा महिने कधी गेले ते घरच्यांना कळतही नाही. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. अपंगत्वाचा दाखला हातात नसला तरी अर्ज दाखल करता येतो, दाखला नंतर जोडता येतो. अपघात जिथे झाला तिथेच दावा लावला पाहिजे असंही नाही. तुम्ही जिथे राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तो चालतो. नगरच्या घाटात अपघात झालेल्या लातूरच्या माणसाने प्रत्येक तारखेला ॲम्ब्युलन्स करून फिरायची गरज नाही. पुरावा द्यायलाही अंथरुणावरून उठणं शक्य नसेल, तर घरी येऊन जबाब नोंदवायला कोर्ट कमिशनर नेमावा असा अर्ज देता येतो.

पोलिसांचे कागद म्हणजे एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोषारोपपत्र, गाडीचं आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाचं लायसन्स. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. या अहवालात दुखापतीचं वर्णन पहिल्या दिवशीच्या एमएलसीवरून (रुग्णालयातल्या पोलीस केसच्या नोंदीवरून) 'पाठीस मार' एवढंच उतरलेलं राहतं. एमआरआयचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड लेखी अर्जासोबत तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोहोच घ्या.

विमा नेमका कोणाचा, हेही बघायला हवं. समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे इतरांच्या नुकसानीसाठी काढलेल्या विम्यातून, भरपाई मिळते. ज्या दुचाकीवर मागे बसला होतात तिच्याच चालकाची चूक असेल आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल, तर कंपनी हात वर करते. पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी असेल तर मागे बसणाराही त्यात येतो. स्वतः मालक आणि चालक असाल व चूक स्वतःचीच असेल, तरी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत आहे का ते पाहा. दोन अवयव (हात किंवा पाय) निकामी होणं किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व येणं याला त्यात १०० टक्के रक्कम आहे. तो क्लेम विमा कंपनीकडे थेट करायचा असतो, आणि कित्येक घरांना तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसतं.

आता टक्केवारी. पैसे सर्वांत जास्त बुडतात ते इथे.

जिल्हा रुग्णालयाचा किंवा हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणचा दाखला शरीराचं अपंगत्व सांगतो. कमाईची क्षमता किती गेली, हे त्यात लिहिलेलं नसतं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सुप्रीम कोर्टाने हा फरक स्पष्ट केला. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के जाते, कारकुनाची तेवढी जात नाही. मज्जारज्जूची इजा अपूर्ण असेल, म्हणजे पायात थोडी ताकद उरली असेल, तर दाखल्यावर ६० किंवा ७० टक्के येऊ शकतात. विमा कंपनीचा वकील तोच आकडा धरून बसतो. पण वायरमन शिडीवर चढू शकत नसेल, तर त्याचा धंदा ६० टक्के बुडाला असं कोण म्हणेल?

हिशेब करून पाहा. वय २८, स्वतंत्र काम करणारा वायरमन, महिन्याची कमाई २०,००० रुपये. सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के जोडायचे, म्हणजे २८,००० झाले. वर्षाचे ३,३६,०००. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात २६ ते ३० वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्याने गुणायचं तो आकडा) १७ आहे, म्हणून ५७,१२,०००. कमाईच्या क्षमतेचं नुकसान १०० टक्के धरलं तर पूर्ण रक्कम, ६० टक्के धरलं तर ३४,२७,२००. एका आकड्यात जवळपास तेवीस लाख गेले. मृत्यूच्या दाव्यात वैयक्तिक खर्चापोटी वजावट होते, तशी जखमीच्या दाव्यात होत नाही. कोणी एक तृतीयांश कापून हिशेब दाखवला तर तो तिथल्या तिथे खोडा.

शंभर टक्के मिळवायचे तर नुसता दाखला जोडून भागत नाही. दाखला देणारे किंवा उपचार करणारे डॉक्टर साक्षीला यावे लागतात. त्यांना विचारायचे प्रश्न वकिलाला आधी लिहून द्या. इजा कोणत्या पातळीवर आहे, एशिया स्केलवर (मज्जारज्जूच्या इजेची तीव्रता सांगणारी श्रेणी) ए म्हणजे पूर्ण आहे की सी म्हणजे अपूर्ण, सलग किती वेळ बसता येतं, लघवी-शौचावर ताबा आहे का, प्रेशर सोअरचा (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांचा) धोका किती. उलटतपासणीत ठरलेला प्रश्न येतो: बसून करण्यासारखं काम जमेल ना? मोबाइल दुकान चालवता येईल ना? डॉक्टर 'हो' म्हणून मोकळे झाले की संपलं. ठराविक वेळाने शरीराचा भार बदलावा लागतो, दर चार-सहा तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालावा लागतो, वरचेवर मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, हे सगळं त्यांनी बोललं पाहिजे. ते बोलतील की नाही, हे त्यांच्या केसपेपरमध्ये तशा नोंदी आहेत का यावर ठरतं. म्हणून प्रत्येक फॉलो-अपला या गोष्टी कागदावर लिहून घ्या.

दुसरी गळती मदतनिसाची. अंघोळ, कूस बदलणं, खुर्चीत उचलून ठेवणं हे सगळं आई किंवा बायको करते, तिला कोणी पगार देत नाही, म्हणून अर्जात तो रकानाच रिकामा राहतो. घरच्या बाईच्या कष्टांना कोर्टात भाव नाही हा निव्वळ गैरसमज आहे. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने मदतनिसाचा खर्चही गुणकाने काढला: दोन मदतनिसांचे महिन्याला १०,००० रुपये, गुणक १८, एकूण २१,६०,०००. एकरकमी पन्नास हजारावर समाधान मानायचं कारण नाही. आपल्या गावातल्या मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोचा १२ तासांच्या माणसाचा दर लेखी आणा, शक्य असेल तर दोन-चार महिने माणूस ठेवून बँकेतून पगार द्या. तेवढा पुरावा पुरतो.

साहित्याचा खर्चही असाच मांडायचा. रोज ४ कॅथेटर, एकाला ४० रुपये धरले तरी महिन्याला ४,८०० आणि १७ च्या गुणकाने ९,७९,२००. त्यात डायपर, हातमोजे, शौचाची औषधं, एअर मॅट्रेस, प्रेशर कुशन, काही वर्षांनी बदलावी लागणारी व्हीलचेअर, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, न्हाणीघराचं रुंद दार आणि रॅम्प येतात. मेडिकलवाल्याकडून पक्कं बिल घ्या, त्यावर पेशंटचं नाव हवं. कुशनसारख्या वस्तूंना डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाचं कोटेशन दोन्ही लागतात. वेदना, जगण्यातला गेलेला आनंद, लग्नाची बुडालेली शक्यता ही शीर्षकं वेगळी मागायची. लैंगिक क्षमतेबद्दल बोलायला माणसं लाजतात आणि नुकसान करून घेतात.

मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील तर तिच्याकडून प्रमाणित प्रती मागवा. मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून कापता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलं आहे.

कामावर असताना अपघात झाला असेल तर कामगार भरपाई आणि हा दावा यांतला एकच निवडावा लागतो. मज्जारज्जूच्या इजेत सहसा न्यायाधिकरणातला दावाच मोठा ठरतो.

वकिलाबद्दल थोडं. 'पैसे आल्यावर इतके टक्के' हा बोलीचा व्यवहार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तरी तो सर्रास चालतो. अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो पर्याय आधी बघा. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. मदतनीस आणि पुढचा खर्च धरून हिशेब झाल्याशिवाय तिथे सही करू नका. न्यायाधिकरणाच्या निकालावर हायकोर्टात अपिलाला ९० दिवस असतात.

रक्कम मंजूर झाली की मोठा भाग मुदत ठेवीत टाकण्याचा आदेश होतो आणि ती मोडायला दर वेळी न्यायाधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे युक्तिवादाच्या वेळीच लेखी मागा: व्याज दर महिन्याला अर्जदाराच्या खात्यात जमा व्हावं, आणि घरातली बांधकामं, व्हीलचेअर व उपचारांसाठी घेतलेलं कर्ज फेडायला लागणारी रक्कम ठेवीत न टाकता लगेच हातात मिळावी.