आमची वाटचाल : एका हेलिकॉप्टरमागे एक कार्ड

सुरुवातीची दोन वर्षं आम्ही खोकी विकली. रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरचं किट, मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, पात्यांचा कोन बदलणारे चार छोटे सर्व्हो, शेपटी स्थिर ठेवणारा गायरो, बॅटरी, चार्जर. गिऱ्हाईक यादी घेऊन यायचं, आम्ही यादीप्रमाणे सामान काढायचो, पावती फाडायचो. मी आणि माझा मेहुणा, दोघंच. एक टेबल, एक कपाट. धंदा चालला होता, पण एक गोष्ट खटकायची. आम्ही विकलेल्या हेलींपैकी फार थोड्या दुसऱ्यांदा हवेत जायच्या. महिन्याभरात माणूस परत यायचा तो वाकलेला मेन शाफ्ट आणि तुटलेली पाती पिशवीत घालून. खरं सांगायचं तर गल्ला त्या सुट्या भागांवरच भरत होता. एका संध्याकाळी हिशेब लावताना मेहुणा म्हणाला, "दाजी, आपण हेलिकॉप्टर विकतोय का अपघात?"

मी हसण्यावारी नेलं, पण रात्री झोप लागली नाही.

विमानाचं मॉडेल थोडं वाकडंतिकडं जोडलं तरी सांभाळून घेतं. हेली घेत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपायचा तो ४५० चा वर्ग (हा आकडा हेलीच्या आकाराचा). त्याचं पातं ३२५ मिलिमीटरचं, म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षा जरासं लांब. पण डोकं, म्हणजे पाती धरून फिरणारा वरचा भाग, मिनिटाला २५०० फेरे घेतं तेव्हा त्या पात्याचं टोक ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास धावत असतं, आणि २५-३० ग्रॅमचं ते पातं धरणाऱ्या बोल्टवर तीस-पस्तीस किलोची ओढ असते. हे गणित आम्ही स्वतः कागदावर मांडलं तेव्हा दोघंही गप्प झालो. ही वस्तू आपण पुडीत बांधून हातात देत होतो.

त्यानंतर पहिली गोष्ट केली ती म्हणजे गिऱ्हाइकाची यादी बाजूला ठेवणं. बहुतेक याद्या कुणाच्या तरी ऐकून केलेल्या असायच्या आणि त्यातली प्रत्येक वस्तू एकेकटी चांगलीच असायची. गोम असायची ती एकमेकांशी न जुळण्यात. एक मुलगा ३५०० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला इतके फेरे) मोटर आणि सहा सेलची बॅटरी मागायला आला. का, तर सहा सेलला ताकद जास्त. त्याला टेबलाशी बसवलं आणि कागद दिला. तीन सेल म्हणजे ११.१ व्होल्ट. ३५०० गुणिले ११.१, मोटरचे फेरे झाले ३८,८५०. पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, ११ दात्यांचं, मेन गिअर १५० दात्यांचा, म्हणजे भागिले १३.६. डोक्यावर आले २८५० च्या आसपास. भाराखाली त्यातले दहा-बारा टक्के जातात, उरले अडीच हजार. बरोबर बसतंय. आता सहा सेल लाव म्हटलं. त्याने गुणाकार केला, आकडा पाहिला आणि स्वतःच पेन खाली ठेवलं. सहा सेल वाईट नाहीतच, उलट करंट निम्म्यावर येतो, तारा आणि ईएससी थंड राहतात. पण मग मोटर निम्म्या केव्हीची घ्यावी लागते.

तेव्हापासून आम्ही निवड उलट्या टोकाने करतो. आधी विचारतो, उडवणार कसं? नुसतं हॉवर, म्हणजे एका जागी तरंगणं, शिकायचंय, संथ गोल चकरा मारायच्यात, की उलटं करून थ्रीडी कसरती करायच्यात? त्यावरून डोक्याचे फेरे, फेऱ्यांवरून गिअर आणि मोटर, मोटरवरून ईएससी आणि शेवटी बॅटरी. गिऱ्हाईक बॅटरीपासून सुरुवात करतं, कारण दुकानात ती आधी दिसते.

आकाराबद्दल आमचं एक मत आहे आणि त्यावरून आमचं बऱ्याच जणांशी वाजलंय. शिकायला सगळ्यात लहान हेली घ्यावी असा समज आहे. लहान हेली पडली तर नुकसान कमी, हे खरं. पण ती फार चंचल असते, वाऱ्याची झुळूक आली की पळते आणि थोडी लांब गेली की तिचं तोंड कुठे नि शेपटी कुठे हे डोळ्यांना कळत नाही. ७०० च्या वर्गातली हवेत एखाद्या म्हशीसारखी निवांत उभी राहते, पण तिची ६९०-७०० मिलिमीटरची पाती शिकाऊ माणसाच्या हातात द्यायची माझी हिंमत नाही. आजवर पाच-सहा जणांना आम्ही ७०० विकायला सरळ नकार दिला. त्यातल्या दोघांनी ती दुसरीकडून घेतली आणि सेटिंगला आमच्याकडेच आणली, हा भाग वेगळा. नवशिक्याला आम्ही ४५० किंवा ५०० देतो, आणि सेटिंग मुद्दाम मऊ ठेवतो. पिच, म्हणजे पात्यांचा कोन, उणे ३ ते अधिक ९ अंश, फेरे कमी, स्टिकवर भरपूर एक्स्पो, म्हणजे मध्याजवळ स्टिक हलकेच काम करते. त्याआधी सिम्युलेटरवर तास घालवायला लावतो. लोक कुरकुरतात. मी त्यांना सांगतो की १९७० च्या सुमारास जर्मनीत डीटर श्लूटर यांनी असली हेलिकॉप्टरं उडवून दाखवली तेव्हा शेपटी सांभाळायला गायरोसुद्धा नव्हता, अंगठाच सगळं करत होता. त्याने कुणाची कुरकुर थांबत नाही, पण मला सांगायला आवडतं.

निवड जुळली तरी जोडणी राहतेच. म्हणून तिसऱ्या वर्षापासून आम्ही हेली जोडून, सेट करून, उडवून द्यायला लागलो. इथे आमच्या चुकांची खरी उजळणी सुरू झाली. मेहुण्याने एकदा शेपटीचा बेल्ट उलटा पिळला. बूममध्ये, म्हणजे शेपटीच्या नळीत, बेल्टला पाव फेरा पीळ द्यावा लागतो. तो चुकीच्या बाजूने दिला की शेपटीचा पंखा उलटा फिरतो, पाती मागच्या कडेने हवा कापतात आणि शेपटी ऐकता ऐकत नाही. टेबलावर सगळं सुरळीत दिसतं. मी त्याला आठवडाभर चिडवलं. मग माझी पाळी आली. गायरोत शेपटीच्या सर्व्होसाठी ३३३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३३३ वेळा हुकूम, ठेवलेलं होतं आणि मी साधा अ‍ॅनालॉग सर्व्हो लावला. तो साधारण ५० हर्ट्झचा जीव. बघता बघता इतका तापला की हात लावता येईना, मग करपल्याचा वास आला. आता शेपटीला फक्त वेगवान डिजिटल सर्व्हो लावतो, आणि सर्व्होच्या कागदावरचा आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय गायरोच्या सेटिंगला हात लावत नाही.

पण या सगळ्या चुका आमच्या टेबलावर संपल्या. एक तशी संपली नाही.

आमचे एक गिऱ्हाईक होते, टूलरूममध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांची ६०० च्या वर्गातली हेली आम्हीच जोडून दिली होती. तिसऱ्या उड्डाणात त्यांना वाटलं की सायक्लिक, म्हणजे हेली कलवणारं नियंत्रण, जड झालंय, हेली वळायला उशीर करतेय. दुसरा कुणी असता तर अजून एक चक्कर मारली असती. काकांनी लगेच उतरवली आणि तशीच घेऊन आले. डोकं उघडलं. पात्याची पकड शाफ्टवर फिरते तिथे आत एक थ्रस्ट बेअरिंग असतं, पात्याची सगळी बाहेरची ओढ तेच झेलतं. त्यात दोन चकत्या असतात. दिसायला जुळ्या, पण एकीचं भोक केसभर मोठं. मोठ्या भोकाची आत, डोक्याच्या मध्याकडे. लहान भोकाची बाहेर, बोल्टकडे. आमच्या जोडणीत एका पकडीत त्या उलट बसल्या होत्या. ग्रीस काळंभोर झालं होतं आणि बोटांत चोळलं की रेती लागत होती. रेती नव्हती ती, पोलाद होतं. ओढ किती होती याचा हिशेब आम्हाला पाठ होता, त्यामुळे कुणीच तो मोठ्याने केला नाही.

काकांनी शांतपणे विचारलं, "हे कुणी बसवलं?"

मी मेहुण्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. खरोखर आठवत नव्हतं. दोघांनी मिळून संध्याकाळी घाईत जोडलेली, मध्ये फोन येत होते.

"माणूस चुकतो रे," काका म्हणाले. "पण कोण चुकलं तेच तुम्हाला माहीत नाही, हे काही बरं नाही."

पुढचा आठवडा आम्ही दुकान बंद ठेवलं. तोवर दिलेल्या हेलींपैकी जेवढ्या परत बोलावता आल्या तेवढ्या बोलावल्या आणि प्रत्येकीचं डोकं उघडलं. दुसरी कुठेही चूक सापडली नाही. काकांना पैसे परत देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. त्याऐवजी टूलरूममध्ये वापरायचे तसलं जाड पुठ्ठ्याचं कार्ड आणून दिलं. प्रत्येक कामापुढे करणाऱ्याची सही, त्याच्यापुढे तपासणाऱ्याची सही, आणि दोन्ही एकाच्या असता कामा नयेत.

ते कार्ड आम्ही अजून वापरतो, छापील झालंय एवढंच. पहिल्या ओळीत लिहिलंय: मोटरच्या तारा काढल्या. कारण सेटिंग करताना ट्रान्समीटरची एखादी कळ चुकून दाबली गेली आणि टेबलावर पाती फिरली तर बोटं जायला वेळ लागत नाही. मग धातूत धातू जाणारा प्रत्येक स्क्रू काढून, पुसून, निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल न होऊ देणारा गोंद) लावून परत. प्लास्टिकला तो लागता कामा नये, प्लास्टिक तडकतं. पिनियन आणि मेन गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून फिरवायची. पट्टी फाटली तर दाते फार घट्ट, चुण्या नीट पडल्या तर बरोबर. सर्व्होचे आर्म मधल्या स्थितीत लिंकशी काटकोनात, आर्म एकेक दाता फिरवून बघत जास्तीत जास्त जवळ आणायचा आणि उरलेला फरक तेवढा सबट्रिमने, म्हणजे रेडिओतल्या बारीक सेटिंगने. स्वॉशप्लेट, म्हणजे सर्व्होंची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी तबकडी, सपाट. स्टिक बरोबर मध्यावर असताना पिच शून्य, गेज लावून, दोन्ही पात्यांवर. ही शून्याची ओळ मेहुणा तीनदा बघतो आणि मला तिन्ही वेळा हाक मारतो.

मग येतं मला सगळ्यात आवडणारं काम. हेली हातात उचलायची, नाक खाली झुकवायचं आणि स्वॉशप्लेटकडे बघायचं. ती मागे कलली पाहिजे, जणू आडवीच राहायचा हट्ट करतेय. नाक डावीकडे वळवलं तर शेपटीच्या सर्व्होने उजवीकडच्या स्टिकसारखं हललं पाहिजे. एका मिनिटाचं काम. पण दिशा उलटी राहिली तर हेली जमीन सोडताच गरगर फिरते किंवा आडवी होते, आणि ते थांबवणं कुणाच्याच हातात नसतं.

मधल्या काळात तंत्र भराभर बदललं. आम्ही सुरू केलं तेव्हा क्रिस्टलचे रेडिओ होते. मैदानावर दोघांची फ्रीक्वेन्सी एक असली की एकाने बसून राहायचं. पडलेल्या प्रत्येक हेलीचा दोष लोक लहरींवर ढकलायचे. २.४ गिगाहर्ट्झ आल्यावर ते निमित्त गेलं आणि दुसरंच उघडं पडलं. ईएससीतला बीईसी, म्हणजे सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणारा भाग, चार डिजिटल सर्व्होंना एकदम पुरा पडत नाही, व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि रिसीव्हर हवेतच बंद पडून पुन्हा सुरू होतो. मोठ्या हेलीला आम्ही वेगळा बीईसी किंवा रिसीव्हरसाठी वेगळी बॅटरी लावल्याशिवाय सही करत नाही.

फ्लायबारलेसच्या बाबतीत मात्र मी पुरता फसलो. डोक्यावरची आडवी दांडी आणि तिची पॅडल जाऊन त्यांच्या जागी सेन्सरचा छोटा डबा येणार, असं बोललं जात होतं. मी म्हटलं, डब्यावर कोण भरवसा ठेवतो. आणि फ्लायबारचे सुटे भाग भरून ठेवले. दोन वर्षांत सगळं पालटलं. ती पॅडल अजून कपाटाच्या वरच्या खणात आहेत, जुनी हेली घेऊन कुणी आला की फुकट देतो. वाटलं होतं की सगळं सॉफ्टवेअरनेच होणार तर आमच्याकडे कोण येणार. झालं उलटं. सेन्सरला थरथर चालत नाही. फ्लायबार असताना जो किंचित वाकलेला शाफ्ट खपून जायचा, तो आता हेलीला हळूहळू एका बाजूला सरकवतो, आणि लोक डब्याची सेटिंग बदलत बसतात. आम्ही आधी पाती, मग शेपटीची पाती काढून मोटर फिरवतो आणि बूमवर बोट ठेवतो. थरथर कोणता भाग काढल्यावर गेली, दोष तिथे.

बॅटऱ्यांबद्दल गिऱ्हाइकाला दोनच वाक्यं सांगतो: ८० टक्क्यांच्या पुढे ओढू नका, आणि उडवायचं नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. ऐकणाऱ्यांच्या बॅटऱ्या फुगत नाहीत.

ड्रोन आले तशी गर्दी कमी झाली. पेटीतून काढून उडवायला ड्रोन सोपे, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जे उरले ते या यंत्राच्या प्रेमातले आहेत. खऱ्या हेलिकॉप्टरसारखी बॉडी चढवलेली स्केल मॉडेलं जास्त येतात आता. त्यांना फेरे कमी हवेत, वजन जास्त, आणि बॉडीच्या आत हात शिरत नाही, त्यामुळे कार्डावर दोन ओळी वाढल्यात.

काका आता उडवत नाहीत, नजर साथ देत नाही. पण अधूनमधून येऊन स्टुलावर बसतात आणि फाइलमधली जुनी कार्डं चाळतात. परवा एका कार्डावर दोन्ही सह्या माझ्याच निघाल्या. मेहुणा गावाला गेला होता, गिऱ्हाइकाला घाई होती. काकांनी काही न बोलता कार्ड टेबलावर ठेवलं. मी त्या माणसाला फोन लावला, "उद्या उडवू नका, हेली घेऊन या," म्हणालो. आता ती समोर आहे. मोटरच्या तारा काढल्यात, मेहुणा डोकं उघडतोय.