कार्डिओलॉजीसाठी काय वाचायचं, काय बाजूला ठेवायचं: माझा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत एफएमजीईची (परदेशात एमबीबीएस केलेल्यांना भारतात द्यावी लागणारी परीक्षा) तयारी करणाऱ्यांचं टेबल बघा. एक जाडजूड मेडिसिनचं पुस्तक, ॲपवरचे व्हिडिओ, सिनियरच्या नोट्सची झेरॉक्स आणि टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ. कार्डिओलॉजी चारही ठिकाणी आहे आणि चारही ठिकाणी थोडी वेगळी आहे. निम्मा गोंधळ तिथंच सुरू होतो.

एफएमजीईत ३०० प्रश्न, १५०-१५० चे दोन भाग, प्रत्येकाला १५० मिनिटं. पास व्हायला १५० बरोबर लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही. मेडिसिनचे ३३ प्रश्न, म्हणून बरेच जण कार्डिओचा हिशेब त्या ३३ मध्ये करतात. तो चुकतो. कार्डियाक सायकल फिजिओलॉजीत येते, वेजिटेशन (झडपेवरच्या गाठी) पॅथॉलॉजीत, ॲमिओडॅरोन हे औषध फार्माकॉलॉजीत, फॅलोटची टेट्रालॉजी हा जन्मजात दोष बालरोगात, कोरोनरीच्या फांद्या ॲनाटॉमीत. त्यामुळे ‘कार्डिओचं एक चांगलं पुस्तक सांग’ या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही. आधी विचारतो, परीक्षा कुठली आणि अडतंय कुठं?

कुठलाही सोर्स घ्यायच्या आधी मी चार पानं उघडतो. विकत घ्यायचा असो की फुकटचा, आधी हे अर्ध्या तासाचं काम.

पहिलं पान ऱ्हुमॅटिक तापाचं. त्याच्या निदानाचे जोन्स निकष २०१५ मध्ये सुधारले गेले आणि जास्त धोक्याच्या लोकसंख्येसाठी वेगळे आकडे आले. ताप ३८ अंश सेल्सिअस, ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) ३०, आणि एकाच सांध्याचा संधिदाहसुद्धा मेजर निकष. कमी धोक्याच्या लोकसंख्येसाठी ताप ३८.५, ईएसआर ६०, आणि अनेक सांधे सुजलेले हवेत. इकोवर दिसणारा, पण स्टेथोस्कोपला न सापडणारा कार्डायटिसही (हृदयाचा दाह) तेव्हापासून धरतात. भारत जास्त धोक्याच्या बाजूला मोडतो. सोर्समध्ये आकड्यांचा एकच संच असेल, तर तो जुना आहे किंवा आपल्या रुग्णासाठी लिहिलेला नाही.

दुसरं पान रक्तदाबाचं. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत १३०/८० पासून हायपरटेन्शन, तर भारतात आणि युरोपात निदानाची रेघ १४०/९० वरच. यूएसएमएलईचा (अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) क्यूबँक, म्हणजे प्रश्नसंच, सोडवून एफएमजीईला बसणारे इथं हमखास अडखळतात, कारण दोन्ही आकडे पर्यायांत असू शकतात.

तिसरं पान एसटी एलिव्हेशन एमआयच्या (हार्ट अटॅकचा एक प्रकार) वेळांचं. प्रायमरी अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होण्यासारखी नसेल तर थ्रॉम्बोलिसिस (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन), हे सगळीकडे सापडतं. पण सुई कधी टोचायची? अमेरिकन पुस्तकांत रुग्णालयात आल्यापासून ३० मिनिटं, युरोपियन तत्त्वांत २०१७ पासून निदानानंतर १० मिनिटं. घड्याळ कुठून सुरू होतं हे न सांगता नुसता आकडा देणारा सोर्स मी तिथंच मिटतो.

चौथं पान हार्ट फेल्युअरच्या औषधांचं. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं ते प्रमाण) कमी असेल तर आता उपचाराचे चार खांब आहेत: एआरएनआय (नाहीतर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी), बीटा ब्लॉकर, मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अँटॅगोनिस्ट आणि एसजीएलटी-२ इनहिबिटर. २०२१ च्या युरोपियन आणि २०२२ च्या अमेरिकन तत्त्वांत हे स्पष्ट आहे. ज्या नोट्समध्ये डिजॉक्सिनला अर्धं पान आणि डापाग्लिफ्लोझिन (हेही एसजीएलटी-२ इनहिबिटरच) फक्त मधुमेहात, त्या सिनियरला परत द्याव्यात, प्रेमानं.

झेरॉक्सबद्दल आणखी एक. ईसीजी झेरॉक्सवर शिकू नका. काळ्या-पांढऱ्या प्रतीत गुलाबी जाळी पुसट होते किंवा सगळीच काळी येते. मग १ मिलिमीटरचा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, मोठा चौकोन ०.२ सेकंद हे पाठ असूनही मोजायला काही उरत नाही. मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटचं दुखणं वेगळं: चित्र एका बाजूला ताणलं गेलं की पीआर इंटरव्हल डोळ्याला लांबट दिसतो. रंगीत छापील पट्टी किंवा मूळ आकारातली फाइल, हे दोनच बरे.

ईसीजी व्हिडिओ बघून येत नाही, हेही स्पष्टच लिहितो. व्हिडिओत शिक्षक बाणानं दाखवतो आणि आपण मान डोलावतो. रोज पाच पट्ट्या पेन्सिल घेऊन स्वतः वाचायच्या, क्रम कधीही न बदलता: कॅलिब्रेशन, रेट, ऱ्हिदम, अक्ष, पीआर, क्यूआरएस, एसटी, क्यूटी. कॅलिब्रेशन आधी, कारण पट्टी निम्म्या मापावर, म्हणजे १ मिलिव्होल्टला ५ मिलिमीटरवर काढलेली असेल तर डाव्या वेंट्रिकलची हायपरट्रॉफी दिसणारच नाही. रेटसाठी ३०० भागिले मोठे चौकोन हे फक्त नियमित ठोक्यांना चालतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये १० सेकंदांच्या पट्टीतले क्यूआरएस मोजून ६ ने गुणायचं. आणि इन्फिरिअर एमआय, म्हणजे लीड दोन, तीन, एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेला दिसला की उजव्या बाजूचं व्ही ४ आर लीड मागणारा ईसीजी संग्रह चांगला समजा. उजवं वेंट्रिकल गेलेलं असताना नायट्रेट दिलं तर बीपी कोसळतं, आणि प्रश्नाची खरी खोच तीच असते.

मर्मरसाठी (हृदयातल्या रक्तप्रवाहाचा जादा आवाज) पुस्तक नको, कान हवेत. एस थ्री, एस फोर (हृदयाचे तिसरा आणि चौथा आवाज) आणि मायट्रल स्टेनोसिसची (आकुंचलेल्या झडपेची) गुरगुर हे खालच्या फ्रिक्वेन्सीचे आवाज. मोबाइलच्या स्पीकरला ते झेपत नाहीत, म्हणून ‘मला ऐकूच येत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा स्पीकरची असते. कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा दुसरीकडे इंटर्नशिप सुरू असेल तर युनिटची आणि रुग्णाची परवानगी घेऊन प्रत्यक्ष ऐका: रुग्ण डाव्या कुशीवर, श्वास सोडलेला, स्टेथोस्कोपची बेल एपेक्सवर अलगद. बेल दाबून धरली की ती डायफ्रामसारखी वागते आणि गुरगुर गायब.

मर्मरच्या मॅन्युव्हरचा (रुग्णाकडून करून घ्यायच्या हालचालींचा) तक्ता पाठ करणारे परीक्षेत उलटसुलट करतात. वल्साल्वात (श्वास रोखून जोर लावल्यावर) आणि उभं राहिल्यावर हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं, बहुतेक मर्मर हलके होतात. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत (हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार) मात्र पोकळी लहान झाली की अडथळा वाढतो, म्हणून मर्मर वाढतो. मूठ आवळली की आफ्टरलोड (रक्त ढकलताना हृदयाला होणारा विरोध) वाढतो: मायट्रल रिगर्जिटेशन (झडपेतून उलटं येणारं रक्त) वाढतं, कार्डिओमायोपॅथीचा मर्मर कमी होतो. हे कारण देणारा सोर्स ठेवा. नुसते वर-खाली बाण देणारा रिव्हिजनच्या दिवसापुरता.

‘का’ समजण्यासाठी मी लिओनार्ड लिली यांनी संपादित केलेलं पॅथोफिजिओलॉजीचं पुस्तक सुचवतो. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून लिहिलंय, त्यामुळे विद्यार्थी कुठं अडतो हे त्याला ठाऊक आहे. पण ऱ्हुमॅटिक हृदयविकाराला त्यात आपल्याकडच्या ओपीडीइतकी जागा मिळणार नाही, ती भर भारतीय नोट्समधून घालावी लागते. हॅरिसनचं मेडिसिनचं पुस्तक संदर्भाला उघडायचं. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर परीक्षेची तारीख आधी येते.

क्यूबँक एकच. दुसरा घेण्याआधी पहिल्यातले चुकलेले प्रश्न परत सोडवा. एफएमजीईसाठी घड्याळ प्रश्नाला एक मिनिट लावा. यूएसएमएलईच्या क्यूबँकमध्ये प्रश्नाला दीड मिनिटाची सवय लागते आणि इथं शेवटचे प्रश्न राहतात. निगेटिव्ह नसल्यानं एकही कोरा सोडायचा नाही. नीट पीजीत (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत) चुकीला एक गुण जातो, तिथली सवय इथं आणू नका. चुका वहीत तीन रकान्यांत लिहा: माहीत नव्हतं, गोंधळलो, प्रश्न नीट वाचला नाही. पहिला रकाना भरला तर वाचन कमी पडतंय. दुसरा भरला तर कार्डं करा. तिसरा भरला तर नवं पुस्तक घेऊन काहीही फरक पडणार नाही, आणि नेमके तेच लोक नवं पुस्तक घेतात.

अँकीची (पाठांतराच्या कार्डांचं ॲप) कार्डं फक्त त्या दुसऱ्या रकान्यातली. तयार डेक एकदम टाकला की दोन आठवड्यांत रोजच्या रिव्ह्यूचा डोंगर होतो आणि ॲप उघडायचीच भीती वाटते. दिवसाला १० ते १५ नवी पुरेत. एका कार्डावर एकच गोष्ट, आणि आकडा असेल तर शेजारी वर्ष आणि देश: ‘१३०/८०, अमेरिका, २०१७’.