वावधन

२६ मे, रात्र

काल नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि आज दुपारीच वावधन आलं, धुळीचं वादळ. सकाळपासून झाडाचं पान हलत नव्हतं. पश्चिमेचं आभाळ आधी तांबूस, मग मातकट झालं आणि बघता बघता धुऱ्यावरच्या बाभळी दिसेनाशा झाल्या. मी कुरडया वाळत घातलेल्या बाजेकडे धावले, तर आत्याबाई आतून ओरडल्या, "आधी चूल इझव वं, कुरडया मंग!" बरोबरच होतं त्यांचं. गोठ्याला लागून कुटाराचा ढीग, शेजारी पऱ्हाटीची गंजी. अशा वाऱ्यात एक ठिणगी पुरते. चुलीवर पाणी ओतून येईस्तोवर लुगड्यासकट अर्ध्या कुरडया अंगणात पांगल्या होत्या.

मग दारं लावून बसलो. कवेलूच्या घराला फटीच फटी, त्यामुळे दारं लावायची ती मनाच्या समाधानासाठी. त्यात खिडकीतला कूलर. लाइन गेली तोवर त्यानं पुष्कळ धूळ आत ओढून घेतली होती, ताट्यांवर चिखल बसला होता. मामाजींना दमा. त्यांच्या नाकातोंडाला ओला दुपट्टा बांधून त्यांना मधल्या खोलीत बसवलं. बाहेर गोठ्याची टिनं वाजत होती. वर दगड ठेवलेत म्हणून राहिली.

अर्ध्या तासात सगळं थांबलं. पाऊस म्हणाल तर चार टपोरे थेंब. गडगडाटी ढगातली गार हवा खाली आदळून पसरते, तीच ही धूळ पुढं रेटत आणते. पाऊस मागून येईलच असं नाही.

संध्याकाळी कुवेतहून भाऊजींचा फोन आला. तिकडे वायव्येकडून शमाल वारा सुटला की दिवसच्या दिवस धूळ असते, कधी विमानंही थांबतात. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. "तुमचं बरं हाये वहिनी, अर्ध्या तासात आटोपते," म्हणाले. हो, पण तिकडची धूळ वाळवंटाची. आमची सातबाऱ्यावरची! बोंडअळीचे कोष उन्हानं मरावेत म्हणून वावर नांगरतो, ते ठीकच. पण लगेच वखरून भुसभुशीत कशाला करून ठेवायचं? ढेकळं उडत नाहीत, वरची बारीक मातीच उडते, आणि कस त्याच मातीत. मृगाच्या तोंडावर वखरलं तर काय बिघडतं? हे मी दरवर्षी म्हणते. मामाजींचं उत्तर ठरलेलं: "आपली गेली, तं बाजूवाल्याची आली."

सुपं भरभरून माती बाहेर टाकली तरी पाण्याच्या गुंडाच्या तळाशी गाळ आहेच. कुरडया झटकून पुन्हा बाजेवर टाकल्यात. आत्याबाईंनी एक तळून पाहिली, दाताखाली कचकन आलं. आता म्हणतात, ह्या वेगळ्या डब्यात भर, पाहुण्यांना नको, घरी खाऊ.