मला माहीत होतं

आमच्या घरात टीव्हीसमोर सर्वांत जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य कोणतं, असं कुणी चार पर्याय देऊन विचारलं तर एकही लाइफलाइन न वापरता सांगेन : 'मला माहीत होतं.' हे वाक्य बाबांचं. पडद्यावर बरोबर पर्याय हिरवा झाला की अर्ध्या सेकंदात यायचं. त्याआधी कधीच नाही.

बाबा खोटं बोलत, असं मात्र म्हणवत नाही. उत्तर ऐकलं की ते आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, जिभेच्या टोकावरच होतं, असं खरोखर वाटतं. मलाही वाटतं. आम्ही ते मनात ठेवायचो, बाबा बोलून टाकायचे, एवढाच फरक.

या वाक्याचा उगम दूरदर्शनच्या काळातला. १९८५ साली सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' सुरू झाला. महाविद्यालयांचे संघ, सगळा व्यवहार इंग्रजीत, आणि मुलं अशी चटपटीत की प्रश्न आम्हाला कळेपर्यंत त्यांचं उत्तर देऊन झालेलं असे. तिथे बाबांचं वाक्य कधीकधी दोन प्रश्न उशिरा पोचायचं. पुढे झी टीव्हीवर डेरेक ओब्रायन बोर्नव्हिटा क्विझ घेऊ लागले. त्यात आमच्याच वयाची शाळकरी मुलं होती, ही फार वाईट गोष्ट. कारण तिथे बाबांनी वाक्य बदललं. 'मला माहीत होतं'च्या जागी 'हे तुला यायला हवं होतं' आलं. कुठल्यातरी देशाची राजधानी न आल्याचं खापर त्या रात्री माझ्या भूगोलाच्या वहीवर फुटायचं. राजधानी बाबांना येत होती का, हे विचारायची सोय नव्हती.

'अंताक्षरी' लागली की मात्र बाबा वर्तमानपत्र उघडत. १९९३ पासूनची ती अन्नू कपूरची अंताक्षरी. दीवाने, परवाने आणि मस्ताने असे तीन संघ. हा आईचा प्रांत. वाद्यांचे दोन-तीन सूर कानावर पडले की ती स्वयंपाकघरातूनच गाणं उचलायची, तेही मुखडा नाही, थेट अंतरा. गाण्यातली गोम अशी की तिथे 'मला माहीत होतं' चालत नाही. माहीत होतं तर म्हणून दाखवा! बाबांनी एकदा प्रयत्न केला होता. त्यानंतर वर्तमानपत्र.

मग ३ जुलै २००० उजाडला. स्टार प्लसवर रात्री नऊ वाजता अमिताभ बच्चन त्या खुर्चीत येऊन बसले आणि बाबांच्या कारकिर्दीला बहर आला. 'कौन बनेगा करोडपती'बद्दल सगळे पैशांचं आणि अमिताभच्या आवाजाचं बोलतात. मला विचाराल तर त्यातली खरी करामत होती थांबण्याची. आधीच्या क्विझमध्ये बझर असे, घाई असे. ज्याला येतं त्याचाच तो खेळ. इथे चार पर्याय समोर मांडलेले आणि सुरुवातीच्या पर्वांत घड्याळही नव्हतं. समोरचा माणूस दोन मिनिटं विचार करतोय, पाणी पितोय, छताकडे बघतोय. त्यात 'लॉक किया जाए?' म्हणून अमिताभ पुन्हा एकदा थांबायचे. त्या थांबण्यात आमचं अख्खं घर खेळून घ्यायचं. आत्या प्रत्येक प्रश्नाला 'क' म्हणायची आणि चारांतून एकदा बरोबर यायची, म्हणजे तशी वाईट कामगिरी नव्हे. धाकटा भाऊ सगळ्यांच्या आधी ओरडायचा आणि चुकला की पर्याय बदलायचा. गंमत म्हणजे या कार्यक्रमाची निर्मिती त्याच सिद्धार्थ बसूंची. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्यामुळे आम्ही गप्प बसलो होतो, त्यांनीच आता आम्हाला बोलतं केलं.

बाबा त्या थांबण्यात काय करायचे? मान हलवायचे. हळूच, सगळ्याच पर्यायांना थोडी थोडी.

पंधरा प्रश्न, एक हजारापासून एक कोटीपर्यंत. दहा हजार आणि तीन लाख वीस हजार हे दोन पक्के टप्पे; तिथे पोचलात की पुढे चुकलं तरी तेवढे तुमचे. खाली पडायची भीती असल्याने शहाणी माणसं सहा लाख चाळीस हजारांवर नमस्कार करून उठत. बाबा त्यांना भित्रे म्हणत. आमच्या सोफ्यावरून कधीच कुणी खेळ सोडून उठलं नाही. सोडायला हातात काही असावं लागतं.

ऑक्टोबरमध्ये मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पंधराव्या प्रश्नापर्यंत पोचला. सत्तावीस वर्षांचा, नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारा. प्रश्न राज्यघटनेचा होता : संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा घटना कोणाला देते? घरात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. बाबा काहीतरी पुटपुटले, ते आम्हा मुलांपर्यंत पोचलं नाही. नवाथेने महान्यायवादी सांगितलं, एक कोटी झाले, आणि बाबांचं ते वाक्य त्या रात्री इतक्या जोरात आलं की आत्या दचकली.

नंतर त्याच्या नकला आल्या. 'सवाल दस करोड का'मध्ये बक्षीस दहापट होतं. आमचा उत्साह काही दहापट झाला नाही. बाकीच्यांची नावं आठवतात, प्रश्न नाही. मराठीत २००४ साली 'होम मिनिस्टर' आलं ते वेगळ्याच वाटेनं. तिथे सामान्यज्ञान नव्हतं, राज्यघटना नव्हती; आदेश भावोजी लोकांच्या घरी जायचे, हसतखेळत खेळ घ्यायचे आणि जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी द्यायचे. बाबांना या कार्यक्रमाची धास्ती होती. स्पर्धक टीव्हीत असतात तोवर ठीक, कॅमेरा आपल्या सोफ्यासमोर आला तर?

पुढे कधीतरी अमेरिकेतल्या 'ट्वेन्टी-वन' या टीव्ही क्विझची भानगड वाचली आणि बाबांची आठवण झाली. १९५६ साली त्या कार्यक्रमात हर्ब स्टेम्पेल नावाचा हुशार गडी जिंकत होता. निर्मात्यांना त्याच्या जागी देखणा चार्ल्स व्हॅन डोरेन हवा होता. तेव्हा उत्तरं आधीच पुरवली जात आणि कुणी कधी हरायचं तेही ठरलेलं असे. स्टेम्पेलला हरायला दिलेला एक प्रश्न असा : १९५५ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला? उत्तर 'मार्टी'. तो त्याचा आवडता सिनेमा होता. साऱ्या देशासमोर त्याला मुद्दाम चुकीचं नाव घ्यावं लागलं. १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने संसदेच्या समितीपुढे कबुली दिली. पण मला राहून राहून स्टेम्पेलच आठवतो. जगात 'मला माहीत होतं' म्हणायचा शंभर टक्के हक्क असलेला माणूस, आणि त्या क्षणी त्यालाच ते म्हणता येत नव्हतं.

या प्रकरणानंतर असे कार्यक्रम बदनाम झाले. तेव्हा तिथल्या मर्व्ह ग्रिफिन या टीव्ही निर्मात्याच्या बायकोने नवऱ्याला सुचवलं, की मग उत्तरंच आधी सांगून टाका आणि स्पर्धकांना प्रश्न ओळखायला लावा. त्यातून १९६४ साली 'जेपर्डी' निघाला. उत्तर आधी, प्रश्न नंतर! बाबा चुकीच्या देशात जन्मले.

आता मोबाइल हातात धरून घरबसल्या खेळता येतं. बोट कधी टेकलं, कुठल्या पर्यायावर टेकलं, सगळं नोंदलं जातं. भाऊ तसं खेळतो. त्याला बाबांच्या हातात फोन द्यायचा होता; बाबांनी चष्मा सापडत नसल्याचं सांगितलं. चष्मा डोळ्यांवर होता.

परवा नवाथेचा तो जुना भाग आम्ही पुन्हा लावला. चित्र धुरकट, अमिताभ तरुण. पंधरावा प्रश्न आला आणि पर्याय पुरते उमटायच्या आत बाबा खणखणीत म्हणाले, "महान्यायवादी!" आयुष्यात पहिल्यांदा, उत्तराच्या आधी.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या रात्री तुम्ही सरन्यायाधीश म्हणाला होतात."

बाबांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.