आमची वाटचाल : जुना संगणक विकणं सोपं, धड पोहोचवणं अवघड

किलोच्या भावाने भंगारात जाणारे संगणक उचलायचे, दुरुस्त करून संग्राहकांना विकायचे, एवढ्यावर पुण्यात आमचा व्यवसाय उभा राहिला. परदेशातून वापरलेले संगणक आणायचे तर परवान्याची भानगड, म्हणून माल इथलाच. त्यात पुणं सोयीचं. डेसिबेल्स या कंपनीने ऐंशीच्या दशकात 'डीबी स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक इथेच बनवला. शाळांना संगणक शिकवणाऱ्या सरकारी 'क्लास' प्रकल्पात १९८४पासून आलेले बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणकही माळ्यांवरून निघतात.

बीबीसी मायक्रो आला की आधी प्लगला लावायचा नाही. पॉवर सप्लायमधल्या रिफा कंपनीच्या कपॅसिटरचं (विजेतला गोंगाट गाळणारा भाग) पारदर्शक कवच तडकलेलं असतं, त्यातून दमट हवा आत जाते आणि मेन्स, म्हणजे घरची वीज मिळताच तो उग्र धूर सोडत फुटतो. मशीन चालू असलं तरी आम्ही तो बदलतोच, आणि एक्स-२ वर्गाचाच, म्हणजे थेट मेन्सवर चालायला बनवलेलाच टाकतो. कमोडोर ६४चा मूळ अ‍ॅडॉप्टर तर ग्राहकाला वापरायला देतच नाही. त्यातला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि मेमरीचे आयसी (चिप) जळतात. आतून रेझिन ओतलेलं असल्याने दुरुस्तीही धड होत नाही. अॅपलच्या मॅकिंटॉशमधला ३.६ व्होल्टचा लिथियम सेल पहिल्याच दिवशी काढतो. तो फुटला तर बोर्ड गेलाच म्हणा.

एवढं करून टेबलावर नीट चाललेलं मशीन कुरिअरमध्ये मरतं, तेव्हा खरी किंमत कळते ती पॅकिंगची. मॅकिंटॉश क्लासिक घ्या. वजन जेमतेम ७ किलो. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक ठिसूळ, आतले स्क्रूचे खांब एका धक्क्यात तुटतात आणि पिक्चर ट्यूब सुटून तिची मान मोडते. म्हणून पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सगळीकडून ५ सेंमी ईपीई (पॉलिथिलीनचा) फोम, ते खोकं सात प्लायच्या खोक्यात, मध्ये पुन्हा ५ सेंमी. काचेचा भार पुढे असतो, म्हणून स्क्रीन खाली. थर्माकोलचे दाणे भरत नाही, हादऱ्यांनी ते सरकतात आणि मशीन तळाला बसतं. 'फ्रॅजाइल'चा स्टिकर आपल्या समाधानासाठी.

बाहेरचं खोकं होतं ५६ × ४७ × ५० सेंमी. परदेशी पार्सलला कुरिअरवाले आकारमानावरून वजन धरतात: तिन्ही मापांचा गुणाकार भागिले ५०००, म्हणजे २६ किलोच्या वरचं बिल! हा आकडा भाव सांगतानाच ग्राहकाला कळवतो, नंतर घासाघीस नको.

सॉकेटमधले आयसी प्रवासात सैल होतात. म्हणून खोक्यात मराठी-इंग्रजी सूचनापत्र असतं: पावसाळ्यात खोकं रात्रभर खोलीत ठेवा, मग उघडा, प्रत्येक आयसी अंगठ्याने दाबा, त्यानंतरच पॉवर द्या. 'मशीन बंद आलंय' अशा बऱ्याच तक्रारी यातच मिटतात. हार्ड डिस्कचं मात्र असं जमत नाही. एसटी-२२५सारख्या जुन्या डिस्कची हेड (डेटा वाचणारी टोकं) आपोआप पार्क होत नाहीत, म्हणजे सुरक्षित जागी जाऊन थांबत नाहीत. पार्कची आज्ञा देऊन बंद केल्यावर ती परत चालू करायची नाही, थेट पॅक करायची.

सुटे मॉनिटर आता कुरिअरने देतच नाही. ज्याला हवा त्याने गाडी घेऊन यावं, आमच्यासमोर चालवून बघावा आणि मागच्या सीटवर गादी टाकून न्यावा.